उकंडरावाच्या टाळ्या

उकंडरावाच्या आधीची दोन भावंडं दगावली होती. म्हणून तो जन्मला तेव्हा त्याच्या आईनं त्याला उकिरड्यावर, म्हणजे आमच्याकडच्या उकंड्यावर, लोळवून आणलं आणि नावही तसंच ठेवलं. टाकून दिलेल्या लेकरावर कुणाची नजर पडत नाही, असा तिचा विचार. तो फळाला आला म्हणायचा. पोरगं जगलं, आणि असं दणक्यात जगलं की आज त्रेसष्टाव्या वर्षी कुरुंद्याच्या आसपासच्या दहा गावांत उकंडरावाला न ओळखणारा एक हळदवाला शेतकरी दाखवा, मी माझी मिशी उतरवून देतो.

माणूस उंच, काटक, आणि बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. डोक्याला पटका. तो कधीकाळी पांढरा होता असं पार्वतीबाई, म्हणजे त्याची बायको, सांगते. तिनं सोडा, साबण, रिठा सगळं करून पाहिलं आणि शेवटी हात टेकले. "लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण आमच्या नवरदेवाची हळद काही उतरत न्हाई," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आणि तो खूश होऊन हसतो.

आता शहरातल्या वाचकासाठी जरा थांबावं लागेल. तुमच्या डब्यात जी पिवळी पूड असते ती काही जमिनीतून तशी येत नाही, बाबांनो. शेतातून निघतो तो मातीनं माखलेला ओला कंद. तो शिजवायचा, मग उन्हात वाळवायचा, मग फिरत्या ढोलात घालून घासायचा. शिजवायला ट्रॉलीवर बसवलेला वाफेचा कुकर असतो. मधे पाण्याची टाकी, खाली जाळ, बाजूला चार ड्रम. माघापासून चैत्रापर्यंत हा कुकर ह्या शेतातून त्या शेतात फिरतो. आमच्या भागातला असा एक कुकर उकंडरावाचा आणि अजीजचा. भागीतला. एकतीस वर्षांपूर्वी दोघांनी लोखंडी कढईवर धंदा सुरू केला, तेव्हापासून.

कामं वाटलेली. जाळ, पाणी आणि शेतकऱ्याशी बोलणं उकंडरावाकडं. "झाली" म्हणणं अजीजकडं. अजीज बुटका, कमी बोलणारा, एका गुडघ्यातून जरा लंगडणारा. ड्रमाजवळ उभा राहून तो वाफेचा वास घेतो, एक कंद काढून काडी टोचतो, बोटानं दाबतो आणि म्हणतो, "झाली." की उकंडराव ड्रम उघडणार. कच्ची राहिली तर हळद आतून नासते, जास्त झाली तर रंग जातो. शेतकऱ्याची वर्षाची मेहनत त्या एका शब्दावर. पण एकतीस वर्षांत उकंडरावानं एकदाही "थांब, मला पाहू दे" म्हटलेलं नाही. लोक नवऱ्या-बायकोत एवढा भरोसा ठेवत नाहीत.

तर ह्या दोघांच्या कुकरापाशी मागच्या माघात पुण्याची एक पोरगी येऊन उभी राहिली. नाव आरोही. बरोबर दिपक नावाचा कॅमेरावाला. ती डॉक्युमेंट्री करून राहिली होती. विषय होता आमचे एक पुढारी. नाव मी सांगत नाही, सांगितलं की निम्मे वाचक उठून जातील आणि उरलेले निम्मे माझ्या गळ्यात हार घालतील, मला दोन्ही नको. एवढंच सांगतो की भाषण ऐकावं तर त्यांचंच. हसवतात, रडवतात, आणि मधेच, हसता हसताच, एका जमातीचं नाव न घेता असं काही बोलतात की मैदान उठून उभं राहतं. त्यांच्या भाषणांनी गावागावांत काय झालं, ते आरोहीला दाखवायचं होतं.

उकंडरावाला कॅमेरा म्हणजे पर्वणी. पटका नीट बसवून, अजीजच्या खांद्यावर हात टाकून त्यानं सांगितलं, "ताई, तुमी चुकीच्या गावात आल्या. आमच्या गावात तसलं काही न्हाई. हा अजीज. आमी एका ताटात जेवलो. ह्याचं पोरगं साजीद मला काका म्हणतं, ते माझ्याच अंगाखांद्यावर वाढलं. भाषणं येतात आन जातात. इथं कोणाच्या मनात काळंबेरं न्हाई, माझ्या तर न्हाईच न्हाई."

"अजीजचाचा, तुम्हाला काय वाटतं?" आरोहीनं विचारलं.

अजीजनं काडी टोचली, कंद दाबला. "झाली," तो म्हणाला. आणि उकंडराव ड्रम उघडायला धावला.

शिमगा झाल्यावर आरोही पुन्हा आली, ह्या वेळेस थेट घरी. पार्वतीबाईनं चहा टाकला. पोरीनं लॅपटॉप उघडून ओसरीवर ठेवला आणि म्हणाली, "काका, तुम्हाला न विचारता हे वापरायला माझं मन होईना."

दोन वर्षांपूर्वीच्या सभेचं शूटिंग होतं. तालुक्यातल्या कुण्या लग्नाच्या व्हिडिओवाल्यानं केलेलं. त्या बिचाऱ्याला एकच काम येतं, म्हणून त्यानं सभेलाही लग्नासारखंच सजवलं होतं. पुढारी स्टेजवर चढतात तर मागं सनई वाजते, कडेनं गुलाबाच्या पाकळ्या पडतात. उकंडराव हसायला लागला. मग पुढारी बोलू लागले. "ह्यांच्याकडून सुई घेऊ नका, दोरा घेऊ नका. ह्यांच्या हातात आपली कुठलीच वस्तू देऊ नका. उपाशी राहतील तवा आपोआप गाशा गुंडाळतील!" मग नमाज पढायच्या पद्धतीची एक नक्कल केली. मैदानात हशा उसळला. कॅमेरा लोकांवरून फिरला, तिसऱ्या रांगेत पिवळ्या पटक्यावर थांबला आणि हळूहळू जवळ गेला. लग्नात तो नवरीच्या मामावर जातो तसा.

उकंडराव होता तो. तोंड उघडं, डोळे बारीक झालेले, हसून हसून. दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवत होता. वरून पाकळ्या पडत होत्या.

चहा उतू गेला तरी पार्वतीबाई हलली नाही.

ती सभा उकंडरावाला आठवत होती, नाही कशाला म्हणा. पोरानं, विजयकुमारनं, ट्रॅक्टरवर घालून नेलं होतं. गार हवा होती, मैदान गच्च भरलेलं, पुढारी मस्त बोलत होते. मजा आली होती. हीच तर खरी अडचण होती, की मजा आली होती. आणि दुसऱ्या दिवशी उठून तो नेहमीसारखा अजीजबरोबर कामाला गेला होता. मनात काडीचंही काही आलं नव्हतं. पुढारी बोलले ते 'त्या लोकांबद्दल'. अजीज थोडाच त्यात होता? अजीज तर आपला!

"ताई, हे काढून टाका," तो म्हणाला. त्याचा तो दणदणीत आवाज कुठं गेला कोण जाणे. "पाया पडतो तुमच्या."

"काका, असं करू नका," आरोही अवघडून म्हणाली. "तुम्ही म्हणत असाल तर चेहरा धूसर करते. ओळखू येणार नाही."

उकंडरावाचा जीव भांड्यात पडला. पण पार्वतीबाई बसली होती ना तिथं.

"तोंड झाकाल," ती म्हणाली. "आन पटका? ह्यांचा पटका तर आंधळं माणूसबी ओळखंल." मग नवऱ्याकडं वळून, "काहून हसून राहिले होते एवढे? काय सापडलं होतं? अजीजभाऊ दिवसातून पाच वेळा कुकराच्या मागं जाऊन असंच तर वाकतात. तवा तुमीच त्यांच्यासाठी कोपरा झाडून देता न्हाई का?"

दहा दिवसांनी, पाडवा झाला की, आरोही आमच्या शाळेच्या हॉलमध्ये पिक्चर दाखवणार होती. अख्खं गाव येणार होतं. अजीजही येणार.

"पिक्चरनं सांगायच्या आदी तुमी सांगा," पार्वतीबाई म्हणाली आणि उतू गेलेला चहा पुसायला उठली.

सांगायचं म्हणजे काय, सोपं आहे का? पहिल्या दिवशी उकंडरावानं सुरुवात केली, "अजीज, एक बोलायचं होतं." अजीजनं पाहिलं. "जाळ कमी पडून राहिला वाटते," उकंडराव म्हणाला आणि भट्टीत एवढी लाकडं कोंबली की टाकीची वाफ शिट्ट्या मारायला लागली. दुसऱ्या दिवशी त्यानं पुतण्याच्या लग्नाची हकीकत सांगितली. तिसऱ्या दिवशी पावसाळा कसा राहील ते. जो माणूस बोलताना थांबत नाही तो हवं ते एक वाक्य सोडून जगातलं सगळं बोलून राहिला होता. घरी आला की पार्वतीबाई नुसती बघायची, हा मान हलवायचा, आणि ती भाकरी जरा जोरातच थापायची.

आठव्या दिवशी ते डोंगरकडा गावाच्या रस्त्यावरच्या एका शेतात होते. दुपारची भाकरी खाऊन अजीज बांधावर गुडघा चोळत बसला होता. उकंडराव समोर जाऊन उभा राहिला.

"त्या सभेला मी गेलो होतो," तो एका दमात म्हणाला.

"माहीत हाय मला," अजीज म्हणाला. "आख्खा गाव गेला होता."

"टाळ्या वाजवल्या मी. हसलो. ते पिक्चरमंदी दिसणार हाय."

अजीजचा हात गुडघ्यावर थांबला. "हे माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"पण अजीज, तुझ्यासाठी न्हाई रे वाजवल्या! तुझी आण. तू माझ्या डोक्यातबी नव्हता. ते दुसऱ्या लोकांचं चाललं होतं. तू काय त्यात हाय का?"

"मंग त्यात कोण हाय?" अजीजनं विचारलं. आवाज चढवला नाही. "मला सांग ना. आपल्या गावात आमच्या लोकांची बारा घरं. त्यातला कोण त्यात हाय? माझी शरीफा? जी तुझ्या सुनेच्या बाळंतपणात तीन रात्री जागली? का साजीद?"

साजीदचं नाव निघालं आणि उकंडराव पायानं बांधावरची माती उकरायला लागला.

साजीदचं गावात मोटारी भरून द्यायचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरायची, हे त्याचं काम. हात एवढा साफ की वसमतचे दुकानदारही अडलेला माल त्याच्याकडं पाठवायचे. सभा झाली आणि दोन महिन्यांत दुकानापुढची गर्दी आटली. कुणी भांडलं नाही, कुणी दगड मारला नाही. लोक मोटार ट्रॉलीत टाकून गुपचूप त्याच्या दारावरून दुसरीकडं न्यायला लागले, बस. सहा महिन्यांनी साजीद कुलूप लावून हैदराबादला गेला. गावानं म्हटलं, पोरग्याचं धंद्यात मन लागलं नाही. उकंडरावानंही तेच म्हटलं, चारचौघांत, दोन-तीनदा.

"तुझी मोटार जळाली होती सभेनंतरच्या चैत्रात," अजीज म्हणाला. "वसमतला गेली ती भरायला. साजीद दारात उभा होता. तुमचा ट्रॅक्टर समोरून गेला. घरी येऊन मला म्हणला, 'अब्बा, काकांची मोटार गेली.' जेवला न्हाई त्या दिवशी."

"विजयनं नेली ती," उकंडराव पुटपुटला.

"व्हय, विजयनं नेली. आन तू?"

उकंडरावाला माहीत होतं. विजयकुमार मोटार ट्रॉलीत चढवत होता तेव्हा तो ओसरीवर बसून पटका बांधत होता. 'साजीदकडं काहून न्हेत न्हाई रे?' हे त्याच्या ओठावर आलं होतं. सकाळी सकाळी पोराशी कुठं वाद घाला, म्हणून गिळलं. उकंडराव बांधावर मटकन बसला आणि त्याला रडू आलं. त्रेसष्ट वर्षांचा गडी, पटक्याच्या शेवानं डोळे पुसत होता, आणि डोळ्यांत हळद जाऊन आणखीच पाणी येत होतं.

"ती पोरगी तोंड झाकून देते म्हणली," तो म्हणाला.

"नको झाकू," अजीज म्हणाला. "दिसू दे. मीबी येतो पाहायला." मग उठला, लंगडत ड्रमापाशी गेला, वास घेतला आणि पाठमोराच म्हणाला, "झाली."

पाडव्यानंतरच्या रविवारी दुपारी शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या. भिंतीवर पांढरी चादर. गाव लोटलं होतं. आपापलं तोंड पडद्यावर दिसेल म्हणून बाया नवी लुगडी नेसून आल्या होत्या. अजीज आणि उकंडराव नेहमीसारखे शेजारी शेजारी बसले. विजयकुमार मागच्या भिंतीला टेकून उभा होता.

पडद्यावर कुकर आला, वाफ आली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. उकंडराव आला, अजीजच्या खांद्यावर हात टाकून. "आमच्या गावात तसलं काही न्हाई... माझ्या तर न्हाईच न्हाई." हॉलमध्ये टाळ्या. आणि लगेच सभा. आरोहीनं सनई काढली होती, पाकळ्या काढल्या होत्या. नुसतं भाषण, हशा, आणि मग तो पिवळा पटका, पडद्यापेक्षाही मोठं वाटणारं ते हसरं तोंड आणि वर गेलेले हात.

लोक माना वळवून उकंडरावाकडं पाहायला लागले.

"बंद करा ते!" मागून विजयकुमार ओरडला. "गावाची बदनामी करायला आल्या का? वायर काढा रे!" दोघं-तिघं उठलेही.

उकंडराव उभा राहिला. त्याचा आवाज परत आला होता. "विजय, खाली बस. कोणी वायरीला हात लावायचा न्हाई. मीच हाय तो. हसलो, टाळ्या वाजवल्या, आन वर तोंड करून सांगितलं का काही झालं न्हाई. झालं. साजीदचं दुकान आपुन बंद पाडलं. माझी मोटार पयली गेली वसमतला. चालू दे पिक्चर."

लोकांनी माना खाली घातल्या. पिक्चर चालू राहिलं. उकंडराव खाली बसायला वळला तर शेजारची जागा रिकामी. दार उघडं होतं आणि दारातून ऊन आत आलं होतं.

अजीज शाळेच्या नळापाशी उभा होता. तोंडावर पाणी मारत होता, मारतच होता. उकंडराव जाऊन जरा लांब उभा राहिला.

"ऐकणं अलग असतं रे," अजीज म्हणाला. "तू सांगितलं तवा वाटलं, ठीक हाय, माणूस चुकतो. पण आत्ता पाहिलं. तू खूश होता, उकंड्या. माझ्या पोरीच्या लग्नात तू एवढा हसला न्हाई."

उकंडरावानं आपली बाजू मांडायला तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून मिटलं. "व्हय," तो म्हणाला. "खूश होतो."

"उद्या मी कामाला येणार न्हाई."

"नको येऊ."

"देविदासची हळद हाय उद्या. काढून पडली हाय. तो बोंबलंल."

"बोंबलू दे. सांगतो त्याला, माझ्यावर राग धरून बसलाय म्हणून. तापबीप आला असं न्हाई सांगत."

अजीजनं गमछ्यानं तोंड पुसलं. "एकतीस वर्षांत एक दिवस मला तुझा राग करू दे, यार. त्या दोन वर्षांत करायला पाहिजे होता, तवा केला न्हाई. धंदा फुटंल म्हणून भ्यालो. घरात शरीफा म्हणायची, गप राहा, तेवढा एकच तर हाय आपला."

हे ऐकून उकंडरावाचं काळीज तुटलं. त्याला वाटलं, ह्यानं चार शिव्या दिल्या असत्या, एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

"आन परवा?" त्यानं भीत भीत विचारलं. "परवा येशील?"

"मला काहून विचारून राहिला?" अजीज म्हणाला. "मला सांगितलं, गावाला सांगितलं. बराबर केलं. पण दारात मी उभा न्हवतो त्या दिवशी. ज्याच्या दारावरून मोटार गेली त्याला सांगितलं का?"

एवढं बोलून तो निघून गेला. एका पायावर जोर देत, मागं न पाहता.

उकंडराव नळाच्या कट्ट्यावर बसला. आतून पिक्चरचा आवाज येत होता. पार्वतीबाई दारात येऊन उभी राहिली, पण जवळ आली नाही. त्यानं बंडीच्या खिशातून मोबाईल काढला. साजीदचा नंबर त्यात होता, पण तो हैदराबादला गेल्यापासून एकदाही लावला नव्हता. बोट दोनदा चुकीच्या नावावर पडलं. तिसऱ्यांदा घंटी गेली. वाजत राहिली. नाही उचललं तर बरं, असं त्याला एक क्षण वाटलं आणि त्या वाटण्याचीच लाज वाटली.

पलीकडं कसलंतरी मशीन घरघरत होतं. मग ते बंद झालं आणि घाबराघुबरा आवाज आला.

"काका? अब्बाला काही झालं का?"

दोन वर्षं झाली होती, आणि पोरगं अजून काका म्हणत होतं.

"अब्बा बरे हायेत, लेकरा," तो म्हणाला. "तू आदी बस कुठंतरी. मला तुला एक सांगायचं हाय, आन मी मधे थांबलो तर फोन ठेवू नको."